चार मशीन, एक नॅस: क्लिप ऑफलाईन जायल्यात, लॉगिंग गायब व्हायलंय, मांडणी कशी करावी?

परभणी_टाईमलाईन

नमस्कार मंडळी. परभणीत आमचं छोटं एडिटिंगचं काम आहे. लग्नं असतातच, पण आता जास्त काम सप्ताहाचं येतंय, म्हणजे गावोगावच्या हरिनाम सप्ताहातलं कीर्तन तीन कॅमेऱ्यांनी शूट करायचं आणि एडिट करून गावाच्या यूट्यूब चॅनेलसाठी द्यायचं. चार सीट आहेत, तीन विंडोज अन् एक मॅक, सगळे प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरवर, कलरला एखादं काम रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरला जातं. मधे चार डिस्कचा नॅस आहे, म्हणजे सगळ्यांनी नेटवर्कवरून वापरायचा स्टोरेजचा डबा, ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मधे (एका डिस्कएवढी जागा सुरक्षेला जाते) म्हणजे वापरायला २४ टीबी, साध्या गिगाबिट स्विचवर जोडलेला.

आता अडचण सांगते. एका मशीनवर प्रोजेक्ट नीट असतो, तोच दुसऱ्या मशीनवर उघडला की निम्म्या क्लिप ऑफलाईन, म्हणजे त्यांच्या फाईली सापडत नाहीत. रिलिंक, म्हणजे फाईल परत दाखवून जोडायला गेलं की प्रत्येक कार्डात सी०००१ नावाची फाईल आहेच, मग कॅमेरा दोनची क्लिप कॅमेरा एकच्या जागी जाऊन बसते आणि टाळकरी दिसायच्या जागी महाराज दिसतात. ऑडिओच्या वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) रोज नव्याने बनायल्यात, काल बनल्या होत्या तरी आज परत. आणि सगळ्यात जास्त जीव जातो तो लॉगिंगमुळं. दोन तासांचं कीर्तन बसून ऐकते, कुठं अभंग लागला, चाल कुठं बदलली, गजर कुठं, पावली कुठं, वारकऱ्यांचे चांगले चेहरे कुठं, हे सगळं डिस्क्रिप्शन अन् लॉग नोटच्या कॉलममधे टाकते, अन् दुसऱ्या दिवशी कॉलम रिकामे. कधी अर्धे असतात कधी काहीच नसतं.

अजून एक, रात्रीचा बॅकअप एका वेगळ्या डिस्कवर लावलाय, ज्या दिवशी नवीन शूट आलेलं नाही त्या दिवशी पण शेकडो जीबी कॉपी करत बसतोय, कामून ते कळत नाही. अन् तीन अँगल एकत्र प्ले केले की अडकतंय, विशेषतः दुपारनंतर सगळे बसले की.

दुकानदार म्हणतो नॅस बदला, मोठा घ्या. पैसे घालायच्या आधी विचारावं म्हणलं. खरंच नॅसचा दोष आहे का मांडणीचा?

कट_संभाजीनगर

ताई, नॅस बदलू नका, थांबा. आधी चार गोष्टी सांगा. प्रोजेक्ट फाईल नॅसवर आहे का प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर? प्रेफरन्सेसमधे कोलॅबोरेशन म्हणून पान आहे त्यात प्रोजेक्ट लॉकिंग चालू आहे का? मीडिया कॅश, म्हणजे प्रीमियर स्वतःसाठी बनवतो त्या तात्पुरत्या फाईली, कुठं ठेवलाय? आणि तिन्ही विंडोजवर नॅसचं ड्राइव्ह लेटर एकच आहे का?

परभणी_टाईमलाईन

प्रोजेक्ट नॅसवर, सगळे तोच उघडतात. लॉकिंगचं बघितलं, बंद आहे सगळीकडं. कॅश पण नॅसवर आहे, जागा तिथं जास्त म्हणून कुणीतरी तशी लावलीय. लेटर एकावर झेड आहे, एकावर वाय, तिसऱ्यावर लेटर नाहीच, सरळ नेटवर्कमधून फोल्डर उघडतो.

कट_संभाजीनगर

मग नॅसचा काही दोष नाही. थोडं लांब लिहितो पण नीट वाचा, कारण तुमच्या पाचही तक्रारी एकमेकींत अडकलेल्या आहेत, एक सुटली की दुसरी ढिली होते.

सगळ्यात आधी लॉगिंग. तुम्ही सकाळी प्रोजेक्ट उघडून लॉग टाकताय, त्याच वेळी शेजारच्या सीटवर तोच प्रोजेक्ट उघडा आहे, त्याच्याकडं तुमचा लॉग नाहीच, तुम्ही सेव्ह केलं, दहा मिनिटांनी त्यानं सेव्ह केलं, त्याची प्रत तुमच्यावर चढली. संपलं. शेवटी सेव्ह करेल त्याचं राहतं. प्रोजेक्ट लॉकिंग चालू केलं की पहिला जो उघडेल त्याचं नाव आत असलेली छोटी डॉट पीआरलॉक फाईल प्रोजेक्टच्या शेजारी बनते, दुसऱ्याला तो फक्त बघण्यापुरता उघडतो, सेव्ह होत नाही. चारही मशीनवर चालू करा आणि त्याच पानावर प्रत्येकाचं खरं नाव टाका, म्हणजे कुणी धरून ठेवलाय ते कळेल. एका मशीनवर जरी बंद राहिलं तरी उपयोग नाही, ते मशीन कुलूप बघतच नाही.

पण एकच प्रोजेक्ट चौघांनी वापरायचा म्हणलं की तिघं बसून राहणार. त्यासाठी प्रॉडक्शन्स आहे, प्रीमियरमधे २०२० पासून आलंय. डिस्कवर एक फोल्डर म्हणजे प्रॉडक्शन, त्यात छोटे छोटे प्रोजेक्ट. पहिल्या दिवसाचं कीर्तन एक प्रोजेक्ट, दुसऱ्या दिवसाचं दुसरा, कच्च्या क्लिपा अन् तुमचा लॉग वेगळ्या प्रोजेक्टमधे, टायटल अन् आयोजकांचे लोगो अजून एकात. दुसऱ्या प्रोजेक्टमधली क्लिप टाइमलाईनवर ओढली तरी तिची प्रत बनत नाही, मूळ जिथं आहे तिथंच राहते. तुम्ही लॉगचा प्रोजेक्ट धरून बसा, बाकीचे तिघं आपापल्या दिवसावर बसतील, कुणाचं कुणावर चढणार नाही.

आता वेव्हफॉर्म अन् बॅकअप, हे दोन्ही एकाच जागेहून येतंय असं मला वाटतं. प्रेफरन्सेस, मीडिया मधे बघा, इम्पोर्ट करताना फाईलमधे एक्सएमपी आयडी लिहा, क्लिप मार्कर एक्सएमपीत लिहा, आणि क्लिप मेटाडेटा अन् एक्सएमपी जोडा, असे तीन टिक आहेत. मेटाडेटा म्हणजे क्लिपबद्दलची लिहिलेली माहिती, अन् एक्सएमपी म्हणजे ती फाईलमधे ठेवायची पद्धत. हे चालू असले की प्रीमियर मूळ एमपी४ फाईलच्या आत लिहितो. तुम्ही डिस्क्रिप्शनमधे "गजर सुरू" टाकलं की ती माहिती फाईलमधे जाते आणि फाईलची बदललेली तारीख नवी होते. चित्र आवाज काही बदललेला नसतो, पण बाकीच्यांना वाटतं फाईल बदलली. दुसऱ्या मशीनचा प्रीमियर म्हणतो ही वेगळी फाईल, वेव्हफॉर्म परत बनवतो. बॅकअप म्हणतो तारीख वेगळी, परत कॉपी. आणि तुमच्याकडं फाईल केवढ्या! सोनीचा ४के १०० एमबीपीएसचा कोडेक धरला तर सेकंदाला १२.५ एमबी, दोन तासांचं कीर्तन म्हणजे एका कॅमेऱ्याचे ९० जीबी. तीन कॅमेरे, २७० जीबी. तुम्ही एका संध्याकाळच्या क्लिपांना चार शब्द लिहिले की रात्री २७० जीबी परत चालले.

म्हणून ते तिन्ही टिक काढा, चारही मशीनवर. लॉग नोट, डिस्क्रिप्शन, कमेंट हे प्रोजेक्टच्या आत राहू द्या. अन् त्याच्याही पुढं जाऊन माझं ठाम मत सांगतो, मूळ फूटेजचा फोल्डर नॅसवर सगळ्यांसाठी फक्त वाचण्यापुरता करून टाका. लिहायचा हक्क एकाच खात्याला, जो कार्ड उतरवतो त्याला. मग टिक चुकून चालू राहिला तरी फाईलला हात लागत नाही, अन् कुणी नवीन पोरगं आलं अन् डिलीट दाबलं तरी काही होत नाही. फूटेज एकदाच येतं, गावात सप्ताह परत भरणार नाही त्याच्यासाठी.

कॅश प्रत्येकाच्या स्वतःच्या एसएसडीवर. कॅशचा डेटाबेस चार मशीननी एका जागी ठेवायची गोष्टच नाही. जागा कमी वाटली तर पीक (वेव्हफॉर्मची) अन् कन्फॉर्म केलेल्या ऑडिओची फाईल मूळ फूटेजच्या शेजारी ठेवायची सोय आहे, पण तुम्ही फोल्डर फक्त वाचण्यापुरता केला तर ते बसणार नाही, म्हणून लोकलच ठेवा.

ड्राइव्ह लेटर तिन्हीवर झेड. नेटवर्कमधून सरळ उघडायचं बंद, प्रोजेक्टच्या आत तो पत्ताच वेगळा लिहिला जातो. मॅकवर एक बघा, शेअर दोनदा माउंट झाला की त्याच्या नावापुढं आपोआप वजा एक लागतो, मग मीडिया चं मीडिया-१ होतं आणि सगळं ऑफलाईन. असं दिसलं की रिलिंक करत बसू नका, दोन्ही काढा अन् एकदाच माउंट करा.

लातूर_रेंडर

वरच्या दादांचं बरोबर आहे. अडकण्याचं राहिलं म्हणून मी लिहितो.

गिगाबिटवर कागदावर १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. एका सीटवर तीन अँगल म्हणजे ३७.५ एमबी. तीन सीट बसल्या की ११२, तिथंच तार भरली. चौथा बसला की सगळ्यांचं अडकतं. दुपारनंतर होतंय म्हणालात ना, हेच. त्यात फिरत्या डिस्कला बारा ठिकाणाहून एकदम वाचायला लावलं की तिचा वेग अजून पडतो.

दोन रस्ते आहेत. स्वस्तातला म्हणजे प्रॉक्सी, एडिट करण्यापुरती मूळ फाईलची हलकी प्रत. १०८० ची प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ एमबीपीएस असते, म्हणजे सेकंदाला पावणेपाच एमबी, चार सीट अन् तीन तीन अँगल धरले तरी ५७ एमबी, आरामात बसतं, अन् मशीनच्या प्रोसेसरवर पण ताण कमी कारण कॅमेऱ्याचा लाँग जीओपी कोडेक (प्रत्येक फ्रेम पूर्ण न ठेवता बरेचदा फक्त बदल साठवणारा) उलगडायला जड जातो. फक्त प्रॉक्सी बनवताना ऑडिओचे चॅनेल मूळ फाईलइतकेच ठेवा. एका कॅमेऱ्यात मिक्सरमधून आवाज घेतलेला असतो अन् बाकीच्यात नुसता कॅमेऱ्याचा माइक, तिथं चॅनेल कमीजास्त झाले की प्रॉक्सी जोडायला नकार देते अन् लोक म्हणतात फाईल खराब आहे. प्रॉक्सीचा फोल्डर फूटेजपासून वेगळा, तो लिहिण्याजोगा.

दुसरा रस्ता, नॅसला १० गिगाबिटचं कार्ड बसत असेल तर ते अन् एक १० गिगाबिट पोर्ट असलेला स्विच. नॅस ते स्विच जाड तार, सीटला आहे तीच गिगाबिट चालेल. कॅट ६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जातं, तुमचं ऑफिस काय तेवढं लांब नसणार. वायफायवर एडिट करू नका कुणीच, हे वेगळं सांगायला नको.

औंढा_ऑनलाईन

मी तर आयएससीएसआय लावलाय नॅसवर, नेटवर्कवरून अख्खी डिस्क मशीनला जोडायची पद्धत, विंडोजला आपलीच डिस्क असल्यासारखी दिसते, वेग पण चांगला, प्रीमियरला पत्त्याचा घोळ नाही. तुम्ही पण तेच करा की ताई, चारही मशीनवर तीच डिस्क जोडा.

लातूर_रेंडर

भाऊ, तुमच्याकडं एकच मशीन असेल म्हणून चाललंय. ताईंनी हे करू नये, कृपया. आयएससीएसआयची डिस्क चार विंडोजनी एकदम जोडली की प्रत्येकाला वाटतं ही माझ्या एकट्याची. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, एका वेळी एकाच मालकासाठी बनलेली आहे, एकानं नवीन फाईल लिहिली ते दुसऱ्याला कळतच नाही, तो त्याच जागेवर स्वतःचं लिहितो अन् पूर्ण डिस्कची यादीच मोडते. तिथून डेटा परत काढणं फार अवघड. एकापेक्षा जास्त लोक असतील तर साधा एसएमबी शेअरच, म्हणजे नेहमीचा नेटवर्क फोल्डर, तिथं नॅस स्वतः मधे बसून कोण कुठं लिहितोय ते बघतो.

औंढा_ऑनलाईन

हौ, माझ्याकडं एकच आहे. हे माहीत नव्हतं, चांगलं झालं सांगितलं.

जुनी_बिन

मी बरीच वर्षं वृत्तवाहिनीत अ‍ॅव्हिड या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काढली, आता गावाकडं आलोय. ताईंचं काम प्रीमियरवर आहे हे दिसतंय पण हा प्रश्न अ‍ॅव्हिडवाल्यांनी फार आधी भोगलाय, त्यातली एक गोष्ट इथं उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

अ‍ॅव्हिडमधे मीडिया एका ठरलेल्या फोल्डरात जातो, अ‍ॅव्हिड मीडियाफाईल्स, त्यात एमएक्सएफ, त्यात १, २ असे फोल्डर. प्रत्येक फोल्डरात फाईलींच्या सोबत दोन डेटाबेस फाईली असतात, एक एमडीबी एक पीएमआर, कुठली क्लिप कुठल्या फाईलीत आहे याची नोंद त्यात. एका फोल्डरात ५००० च्या वर फाईली झाल्या की तो पुढचा फोल्डर काढतो, कारण फोल्डर फुगला की यादी बनवायलाच वेळ जातो. आता कळीची गोष्ट अशी की साध्या नेटवर्क स्टोरेजवर दोन मशीन एकाच १ नंबरच्या फोल्डरात लिहायला लागल्या की दोघंही तीच नोंदवही पुन्हा पुन्हा लिहितात अन् ती बिघडते. म्हणून नेटवर्कवर अ‍ॅव्हिड प्रत्येक मशीनच्या नावाचा वेगळा फोल्डर करतो. वाचायला सगळ्यांचे फोल्डर सगळ्यांना, लिहायला फक्त आपला. ही नोंद बिघडलीच तर त्या फोल्डरातल्या फक्त त्या दोन फाईली काढायच्या, मीडियाला हात लावायचा नाही, अ‍ॅव्हिड परत सगळं वाचून नवीन बनवतो.

तुम्ही पण तसंच करा. रेंडर, प्रिव्ह्यू, एक्स्पोर्ट, व्हॉइसओव्हर, जे काही मशीन स्वतः बनवते ते प्रत्येक सीटच्या नावाच्या फोल्डरात. सीट१ नं सीट२ च्या फोल्डरात लिहायचं नाही. फाईल कुठून आली हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

अन् सी०००१ चं. फाईलींची नावं बदलू नका असं सगळे सांगतात ते एका मर्यादेपर्यंत खरं आहे. सोनीच्या कार्डात प्रायव्हेट, एम४रूट, क्लिप असा सांगाडा असतो अन् प्रत्येक एमपी४ शेजारी त्याच नावापुढं एम०१ लागलेली एक्सएमएल असते, त्यात कॅमेऱ्याची माहिती. एमपी४ चं नाव बदललं की जोडी तुटते. म्हणून कार्ड पूर्ण सांगाड्यासकट उतरवा, अन् बाहेरचा फोल्डर असा ठेवा की जगात दुसरा तसा नसेल: वर्ष महिना दिवस, गाव, कॅमेरा, कार्ड नंबर. पुढच्या शूटला कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याला फाईलच्या नावापुढं वेगळं अक्षर लावा, बऱ्याच सोनी बॉडीत ती सोय आहे. अन् तिन्ही कॅमेऱ्यांचा टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवर पडणारी वेळ) घड्याळाच्या वेळेवर, फ्री रनला लावा, म्हणजे रेकॉर्डिंग थांबलं तरी तो चालू राहतो. मल्टिकॅम जुळवायला तर सोपं जातंच, पण रिलिंकच्या खिडकीत नावासोबत मीडिया स्टार्टचा टिक लावला की एकाच नावाच्या दोन क्लिपा पण वेगळ्या ओळखल्या जातात.

नांदेड_मेटा

ताई मला एक सांगा, फोल्डरांची अन् बिनची (प्रोजेक्टमधले क्लिपांचे कप्पे) नावं तुम्ही मराठीत टाकताय का? वर "वारकऱ्यांचे" असं लिहिलंय म्हणून विचारतोय.

परभणी_टाईमलाईन

हो, सगळी मराठीतच. ज्याला इंग्रजी जमत नाही त्याला पण कळावं म्हणून. मॅकवरून टाकलेला "वारकऱ्यांचे शॉट" फोल्डर नॅसवर दोनदा दिसायलाय, नाव अगदी सारखं. मला वाटलं कुणीतरी परत बनवला.

नांदेड_मेटा

परत बनवला नाही कुणी. ते नाव डोळ्याला सारखं आहे, मशीनला नाही. हे मी फार शोधून काढलंय त्यामुळं जरा तपशिलात लिहितो, मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागणारच आहे हे.

सगळा घोळ "ऱ्या" मधल्या ऱ चा. युनिकोडमधे हा ऱ तीन तऱ्हेनं लिहिला जातो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर. दुसरं म्हणजे र अन् त्याच्या खाली नुक्ता, दोन तुकडे. तिसरं जुन्या कीबोर्डवरचं, र ला हलन्त देऊन पुढं एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क पद्धत पहिल्याचं आपोआप दुसरं करून ठेवते. विंडोज जसं टाईप केलं तसंच ठेवते. अन् नॅसच्या आत लिनक्स असतं, ते फक्त बाइट मोजतं, बाइट वेगळे तर फोल्डर वेगळा. तुमच्या मॅकच्या बाहेरच्या डिस्कवरून कॉपी झालेला फोल्डर एक अन् विंडोजवर टाईप केलेला दुसरा. प्रोजेक्टमधे एकाचा पत्ता, क्लिप दुसऱ्यात, मग ऑफलाईन.

हेच शोधताना पण होतं. तुम्ही लॉगमधे एका कीबोर्डनं "वारकऱ्यांचे" टाकलं अन् शेजारच्या पोरानं दुसऱ्या कीबोर्डनं शोधलं की सापडत नाही. लॉग गायब झाला असं वाटणाऱ्या काही वेळा लॉग तिथंच असेल, शोधणारं अक्षर वेगळं असेल. हे तपासून बघा.

अजून एक, लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, अन् काना मात्रा हलन्त अनुस्वार सगळे वेगळे मोजतात. "वारकऱ्यांचे" एवढ्या एका शब्दाला ११ चिन्हं, ३३ बाइट. ८५ चिन्हांत नाव संपलं. "श्रीक्षेत्र अमुक येथील अखंड हरिनाम सप्ताह दिवस तिसरा रात्रीचे कीर्तन" असल्या एका नावालाच १८६ बाइट लागतात, पुढं अजून चारपाच शब्द जोडले की मर्यादा ओलांडते. विंडोजची पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची जुनी मर्यादा वेगळीच.

मी काय करतो ते सांगतो. डिस्कवरची नावं फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे अन् अंडरस्कोअर, छोटी. जागा सोडायची नाही, कंस नाही. मराठी सगळं मेटाडेटात, डिस्क्रिप्शनमधे, लॉग नोटमधे, मार्करमधे, तिथं लांबीची अडचण नाही. अन् चारही मशीनवर एकच मराठी कीबोर्ड, विंडोजवर अन् मॅकवर दोन्हीकडं इनस्क्रिप्ट आहे, तो शिकायला आठवडाभर त्रास होतो पण मग सगळ्यांचा ऱ एकच राहतो. सोबत शब्दांची एक छोटी यादी भिंतीवर लावा, गजर का जयघोष, प्रत्येक गोष्टीला एकच शब्द ठरवा. एकानं टाळकरी लिहिलं अन् एकानं टाळवाले, तर कितीही चांगलं सॉफ्टवेअर असू द्या, सापडणार नाही.

लातूर_रेंडर

हे ऱ चं मला पण नवीन आहे, माझ्याकडं "नवऱ्याकडचे" नावाचे फोल्डर भरपूर आहेत लग्नाचे. आज तपासतो.

ताई कलर रिझॉल्व्हला जातंय म्हणालात. तिथं पण चौघांना एकत्र बसायचं झालं तर प्रोजेक्ट फाईली इकडं तिकडं फिरवू नका, रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकचं प्रोजेक्ट सर्व्हर नावाचं वेगळं अ‍ॅप आहे, एका मशीनवर टाकायचं, ते पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस चालवतं, बाकीचे त्याला जोडतात, बिन अन् टाइमलाईनला आपोआप कुलूप लागतं. मॅक अन् विंडोजचे पत्ते वेगळे असतात त्यासाठी प्रेफरन्सेसमधे मीडिया स्टोरेजच्या पानावर मॅप्ड माउंटचा रकाना आहे, तिथं एकदा भरलं की विंडोजचं झेड मॅकच्या व्हॉल्यूमला जुळतं. फक्त सगळ्यांचं व्हर्जन एकच ठेवा. एकानं नवीन व्हर्जन टाकून डेटाबेस वर चढवला की जुन्या व्हर्जनमधे तो उघडत नाही. अन् फूटेजचा बॅकअप आहे म्हणून डेटाबेसचा विसरू नका, लॉग अन् एडिट त्यातच असतात.

कार्ड उतरवायला पण रिझॉल्व्हचं क्लोन टूल वापरा, मीडिया पेजवर आहे, कॉपी करून चेकसम तपासतं, म्हणजे प्रत मूळ फाईलशी तंतोतंत जुळते का ते बघतं. नुसतं कॉपी पेस्ट करून कार्ड फॉरमॅट करायची घाई कुणी करू नये.

बीड_यूपीएस

एक राहिलंच. रेड ५ म्हणजे बॅकअप नव्हे, एक डिस्क गेली तर चालतं, दुसरी गेली की सगळं गेलं, अन् गेलेली बदलून नवीन भरेपर्यंत बाकीच्या तिन्ही दिवसरात्र फिरतात, आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो तेव्हाच हे व्हायचं असतं. नॅस एसीच्या खोलीत ठेवा, अन् त्याला यूपीएस द्या जो यूएसबीच्या वायरनं नॅसला जोडता येतो. लाईट गेली की यूपीएस नॅसला कळवतो अन् बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतः नीट बंद होतो. घरगुती इन्व्हर्टरवर ठेवलं तर ते कळवत नाही, अन् लाईट जायच्या क्षणाला झटका बसतो तो वेगळा. नॅसमधे स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणाची अवस्था जपून ठेवायची, सोय असेल तर प्रॉडक्शनच्या फोल्डरला तासाला एक लावा, प्रोजेक्ट फाईली छोट्या असतात, जागा फार लागत नाही.

परभणी_टाईमलाईन

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते लिहिते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

तिन्ही विंडोजवर झेड केलं, मॅकवर एकच माउंट. एक्सएमपीचे टिक चारही मशीनवर चालू होते, काढले. फूटेजचा फोल्डर फक्त वाचण्यापुरता केला. नवीन शूट नव्हतं त्या रात्री बॅकअप काही मिनिटांत संपला, बॅकअपच्या नोंदीत फक्त प्रोजेक्ट फाईली दिसल्या. वेव्हफॉर्म प्रत्येक मशीनवर एकदा बनल्या, नंतर परत बनल्या नाहीत. प्रॉक्सी बनवायला लावल्यात. प्रॉडक्शन केलंय, लॉगचा प्रोजेक्ट माझ्याकडं, दिवसाप्रमाणं बाकीचे.

दोन "वारकऱ्यांचे" फोल्डर उघडून बघितले तर नांदेडच्या दादांनी सांगितलं तसंच निघालं, अर्ध्या क्लिपा एकात, अर्ध्या दुसऱ्यात. आता नवीन नावं इंग्रजी अक्षरात. जुन्या सप्ताहांच्या फोल्डरांची नावं पण बदलावीत का? त्यांचे प्रोजेक्ट कधीतरी परत उघडावे लागतात, कुणी वारलं की घरचे जुनं कीर्तन मागायला येतात.

अन् एक, काल लाईट गेली तेव्हा एक मशीन तसंच बंद पडलं, आता तो प्रोजेक्ट सगळ्यांना नुसता बघण्यापुरता उघडतोय.

नांदेड_मेटा

जुनी नावं एकदम बदलू नका, सगळे जुने प्रोजेक्ट ऑफलाईन जातील. जे उघडावं लागेल तेवढ्याच फोल्डराचं नाव बदला, लगेच रिलिंक करा, सेव्ह करा, मग पुढचं. अन् घरचे मागायला येतात म्हणालात तर लॉगमधे गाव अन् तारखेसोबत कोण कोण दिसतंय त्यांची नावं पण टाकत चला, विणेकरी, मृदंगाला कोण, चोपदार. ते शोधायला कधीतरी नक्की लागणार.

कट_संभाजीनगर

बंद पडलेल्या मशीनची पीआरलॉक फाईल मागं राहिलीय. त्या सीटवरचा प्रोजेक्ट खरंच बंद आहे का हे त्याच्या खुर्चीजवळ जाऊन बघा, मग त्या प्रोजेक्टच्या नावाची तेवढी एकच पीआरलॉक काढा, बाकीच्यांना हात लावू नका. त्या सीटवाल्यानं प्रोजेक्ट उघडल्यावर प्रीमियर ऑटोसेव्हमधलं उघडू का विचारेल, दोन्हींच्या वेळा बघून मग हो म्हणायला सांगा.